दीर, सून आणि रशियन भाषा

"रशियन शिकान तुका काय गावला रे?" हा प्रश्न आपल्या बॅचच्या प्रत्येक भेटीत मला कोणीतरी विचारतोच. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. दहावी १९८१ च्या आपल्या वर्गातले कोणी शिक्षक झाले, कोणी मुंबईला गोदीत किंवा गिरणीत लागले, कोणी घरचा धंदा सांभाळला. पुण्याला जाऊन संध्याकाळी रशियनच्या वर्गाला बसणारा मी एकटाच. हसण्यावारी नेलेल्या या प्रश्नाचे नीट उत्तर स्मरणिकेच्या निमित्ताने द्यावे असे ठरवले. उत्तर थोडे लांबचे आहे, कारण त्यात आपला किनारा येतो, आपले नौदल येते आणि शेवटी आपल्या शाळेतला मराठीचा तासही येतो.

रशिया आणि कोकण यांची पहिली भेट समुद्रावरूनच झाली. त्वेर नावाच्या शहरातला अफनासी निकितिन हा व्यापारी होर्मुझहून जहाजाने निघून सुमारे १४६९ साली चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे हा रशियन माणूस त्याच्या तीसेक वर्षे आधीच कोकणात येऊन गेला. विकण्यासाठी त्याने सोबत एक घोडा आणला होता. तो जुन्नरला गेला, तिथे अधिकाऱ्याने त्याचा घोडाच अडकवून ठेवला, तो मोठ्या मिनतवारीने सुटला. पुढे बिदरला राहून, बहमनी राज्य पाहून, त्याने परतीचे जहाज पकडले ते दाभोळहून. घरी पोचण्याआधीच वाटेत त्याचा मृत्यू झाला. मागे राहिली ती त्याची टिपणे. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ती रशियात आजही वाचली जातात.

या टिपणांतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली म्हणजे, इथला पावसाळा पाहून त्याने त्याला 'हिवाळा' म्हटले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या देशात लोक घरात कोंडले जातात तो ऋतू हिवाळा. इथे लोक घरात कोंडलेले दिसले ते पावसात, म्हणून हाच यांचा हिवाळा! जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्याचे म्हणणे पटेल. दुसरी गोष्ट म्हणजे, व्यापार म्हणून त्याची ही सफर बुडाली. आपल्या देशात नेण्यासारखा माल इथे काहीच नाही, लोकांनी आपल्याला फसवले, अशी त्याची तक्रार आहे. पण वाटेत कानावर पडलेल्या फारसी, तुर्की, अरबी भाषा त्याने इतक्या आत्मसात केल्या की टिपणांतली कितीतरी वाक्ये तो त्या मिश्र बोलीतच लिहून गेला. सौदा बुडाला, भाषा उरली. हे पुढेही घडणार होते.

त्यानंतर मधली पाचशे वर्षे सोडून आपण थेट स्वातंत्र्यानंतरच्या काळात येऊ. १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि सोव्हिएत यंत्रे भारतात येऊ लागली. महाराष्ट्रात पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीवर. तिथे रशियन तज्ज्ञ शिकवायला होते. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये आला. यंत्र आले की त्याची माहितीपुस्तिका येते, आणि ती रशियनमध्ये असते. ती वाचणारी माणसे हवीत, म्हणून वर्ग निघाले. भाषा शिकण्यामागे साहित्यप्रेम होते हे खरे, पण वर्गाचे बाक भरले ते नोकरीच्या आशेने, हेही तितकेच खरे.

नौदलाची गोष्ट तर आपल्या मालवणशी जोडलेली आहे. भारताने सोव्हिएत संघाकडून क्षेपणास्त्र नौका घेतल्या, तेव्हा त्या चालवणारे आपले अधिकारी आणि खलाशी प्रशिक्षणासाठी व्लादिवोस्तोकच्या बाजूला गेले. शिकवणारे रशियन, नौकेवरच्या पाट्या रशियन, त्यामुळे आधी भाषा शिकणे भाग होते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपट', 'निर्घाट' आणि 'वीर' या तीन नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्या रात्री शत्रूला बोलणे कळू नये म्हणून आपले नौसैनिक बिनतारी यंत्रावर एकमेकांशी रशियनमध्ये बोलत होते, ही आठवण नौदलात आजही अभिमानाने सांगितली जाते. त्याच रात्रीच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला. २०२३ साली तो आपल्याकडे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण तारकर्लीच्या किनाऱ्यावर गर्दीत उभे होते. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या जागी, रशियन बोलून जिंकलेल्या रात्रीचा उत्सव! त्या गर्दीत हे किती जणांच्या ध्यानात आले असेल, कोण जाणे.

आपल्या पिढीला मात्र रशिया भेटला तो पुस्तकांतून. 'सोव्हिएत लँड'चे जाड, गुळगुळीत कागद आपण वह्यांना कव्हर म्हणून घातले होते, हे आठवते ना? शेतातले ट्रॅक्टर, लाल रुमाल बांधलेली मुले आणि बर्फ. मालवणच्या उकाड्यात बसून आपण बर्फाची चित्रे पाहत होतो. मॉस्कोहून छापून येणारी मराठी पुस्तके स्वस्त आणि देखणी असत. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी रशियन बालसाहित्य थेट मराठीत आणले. मराठी लेखकही तिकडे पोचले होते. अण्णा भाऊ साठे १९६१ साली सोव्हिएत संघात जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. मॉस्कोतल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ साली त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. फार थोडे दिवस शाळेत गेलेला वाटेगावचा माणूस आज मॉस्कोच्या ग्रंथालयात उभा आहे, तो भाषांतरांच्या बळावर.

आता माझ्याविषयी थोडे. बारावीनंतर १९८३ मध्ये मी बी.एस्सी.साठी पुण्याला गेलो. कोकण रेल्वे अजून यायची होती, एसटीच्या रात्रीच्या गाडीने घाट चढत जायचे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग होता. तिथे रशियनच्या पहिल्या वर्षाला नाव घातले. पहिल्या वर्षी वर्ग गजबजलेला. तेहेतीस अक्षरे, नमस्कार-चमत्कार, 'हे काय आहे, ते कोण आहे' इतके झाले की आपल्याला भाषा आली असे वाटू लागते. त्यातच ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ यानातून अवकाशात गेले. त्यांनाही आधी रशियन शिकावी लागली होती. त्या आठवड्यात आमच्या वर्गाचा रुबाब काही औरच होता.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे मधल्या पातळीच्या वर्गात, बाक निम्म्याहून रिकामे झाले. हे प्रत्येक भाषेच्या वर्गात घडते. पहिल्या वर्षी कौतुक असते आणि तिसऱ्या वर्षी गोडी. मधल्या वर्षी नुसते कष्ट. खाव्रोनिना बाईंचे संभाषणाचे पुस्तक हातात असायचे, त्यातले संवाद पाठ करायचे आणि विभक्ती, क्रियापदांच्या जोड्या, अपवाद यांचे तक्ते घोटायचे. आमच्याबरोबर इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुले होती. ती माझ्यापेक्षा बोलण्यात चपळ होती, पण मधल्या वर्षी तीच आधी दमली. मी टिकलो. माझी बुद्धी त्यांच्यापेक्षा जास्त होती म्हणून नव्हे. त्या वर्गात जे जे अवघड म्हणून शिकवले जात होते, त्यातले अर्धे मी मालवणातच शिकून आलो होतो.

कसे ते सांगतो. रशियनमध्ये सहा विभक्ती. इंग्रजीवरून येणाऱ्याला हा डोंगर वाटतो. आपण प्रथमा ते सप्तमी आणि संबोधन धरून आठ विभक्तींचा तक्ता सुरात म्हणत होतो. 'चाकूने कापले' यातला 'ने' म्हणजे तृतीया, रशियनमध्ये चाकू 'नोश' आणि चाकूने 'नझोम'. झाले! त्यांचे प्रत्यय वेगळे, पण कल्पना तीच. लिंगे तीन, आपल्यासारखीच. हिंदीवाल्याला नपुंसकलिंग नव्याने समजावून द्यावे लागते. आपल्याला 'ते जहाज', 'ते गलबत' म्हणताना कधी अडखळायला झाले नाही. गंमत म्हणजे जहाजासाठीचा त्यांचा 'सूदना' हा शब्दही नपुंसकलिंगीच.

'हा माझा भाऊ' या वाक्यात आपण 'आहे' घालत नाही. रशियनही घालत नाही, 'एता मोय ब्रात'. 'माझ्याकडे पुस्तक आहे' असे आपण म्हणतो, 'मी पुस्तक बाळगतो' असे नाही. रशियनचीही तीच रीत. थंडी 'मला' वाजते, पदार्थ 'मला' आवडतो. तिथेही ही चतुर्थीच लागते. भूतकाळात 'तो हसला, ती हसली' असे क्रियापदाचे रूप लिंगाप्रमाणे बदलते, रशियनमध्येही बदलते, आणि तिथेही 'ल' येतो. 'ओन चिताल' म्हणजे तो वाचत होता, 'अना चिताला' म्हणजे ती वाचत होती. स्त्रीलिंगी रूप 'ला'ने संपते, यावर आमच्या वर्गात पहिल्या दिवशी हशा पिकला होता. या 'ल'चे मूळ दोन्ही भाषांत वेगवेगळे आहे, साम्य निव्वळ योगायोगाचे. पण शिकणाऱ्याला योगायोगाचाही आधार पुरतो.

सगळेच मात्र सारखे नाही. 'मी चिठ्ठी लिहिली' या वाक्यात आपले क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालते, हा कर्मणी प्रयोग. रशियनमध्ये ते लिहिणाऱ्याप्रमाणेच चालते. मराठी विद्यार्थ्यांचा पाय इथे हमखास घसरतो. पण हा फरक समजावून घेण्यासाठी कर्तरी-कर्मणी-भावे माहीत असावे लागतात, आणि ते आपल्या बाईंनी सोडवून घेतल्याशिवाय घरी पाठवले नव्हते.

मधल्या पातळीवरचा सगळ्यात मोठा अडसर म्हणजे क्रियापदांची जोडी. प्रत्येक क्रियेला रशियनमध्ये साधारणपणे दोन क्रियापदे असतात, एक चालू असलेल्या किंवा नेहमीच्या क्रियेसाठी, दुसरे पुरी झालेल्या क्रियेसाठी. 'पिसाल' म्हणजे लिहीत होता, 'नपिसाल' म्हणजे लिहून झाले. जगभरचे विद्यार्थी या जागी वर्षानुवर्षे चाचपडतात. मराठी माणसाने फक्त आपल्या तोंडी काय येते ते ऐकावे. 'पुस्तक वाचत होतो' आणि 'पुस्तक वाचून काढले'. 'जेवत होता' आणि 'जेवून घेतले'. 'काढणे', 'घेणे', 'टाकणे' ही जोडक्रियापदे लावून आपण क्रिया पुरी झाल्याचे सांगतो, ते उपसर्ग लावून सांगतात. नियम तंतोतंत जुळत नाहीत, पण फरक ओळखण्याचा कान आपल्याला आधीच आलेला असतो.

जाण्यायेण्याच्या क्रियापदांचेही तसेच. पायी जाणे वेगळे, वाहनाने जाणे वेगळे, एकदा एका दिशेने जाणे वेगळे आणि रोज जाऊन येणे वेगळे. पाण्यावरून जाण्यासाठी 'प्लीत्' आणि 'प्लावत्' ही जोडी. माणूस पोहतो तेही त्याच शब्दाने, होडी चालते तीही त्याच शब्दाने. आपल्या संस्कृतच्या सरांनी 'प्लव' म्हणजे तरंगणे, तराफा, असे सांगितले होते, आणि 'विप्लव', 'आप्लावित' हे शब्द फळ्यावर लिहिले होते. पुण्याच्या वर्गात 'प्लावत्' ऐकले तेव्हा तो फळाच डोळ्यांसमोर आला.

अशा शब्दांची मग मी वही केली. अग्नी म्हणजे 'अगोन्'. द्वार म्हणजे 'द्व्येर'. विधवा म्हणजे 'व्दवा'. मध म्हणजे 'म्योद'. सुके म्हणजे 'सुखोय', हा शब्द मालवणच्या माणसाला शिकवावा लागत नाही, सुक्या बांगड्यांच्या वासासकट लक्षात राहतो. सगळ्यात नवल वाटले ते नात्यांच्या शब्दांचे. नवऱ्याच्या भावाला रशियनमध्ये 'द्येविर' म्हणतात, संस्कृत देवर, आपला दीर. सुनेला 'स्नखा', संस्कृत स्नुषा, आपली सून. सासरा 'स्व्योकर', संस्कृत श्वशुर. इंग्रजीत या सगळ्यांना कायद्याचे शेपूट लावून एकाच दावणीला बांधले आहे. मालवणातले घर आणि वोल्गाकाठचे घर यांनी मात्र दिराला दीर आणि सुनेला सून म्हणून वेगळे ओळखले, ते काही हजार वर्षे. आणि नाव लिहायची पद्धत? रशियन कागदपत्रांत आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांच्या नावावरून आलेले नाव. आपल्या शाळेचे हजेरीपुस्तक उघडून पाहा.

पदविका झाली. १९८६ मध्ये मला एका कारखान्यात तांत्रिक भाषांतराचे काम मिळाले. सोव्हिएत यंत्रांची माहितीपुस्तके इंग्रजीत आणायची. पगार बरा होता, पुढे बढती मिळेल असे दिसत होते. २५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघ संपला. त्यानंतर सुटे भाग येणे रखडले, नवे करार थांबले, आमच्या विभागाचे काम आटले. स्वस्त मराठी पुस्तके येणे बंद झाले. रशियनच्या वर्गांतली गर्दी ओसरली. मी परीक्षा देऊन बँकेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. निकितिनसारखाच माझाही सौदा बुडाला, असे म्हणायला हरकत नाही.

पण भाषा बुडाली नाही. बँकेतून आल्यावर रात्री चेकॉव्हची एखादी कथा मूळ रशियनमध्ये वाचणे, ही माझी तीस वर्षांची सवय आहे. आपल्या भाषेवर तिकडे किती प्रेमाने काम झाले तेही कळत गेले. १९६३ साली मॉस्कोत तात्याना कातेनिना यांचे मराठी भाषेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि इरीना ग्लुश्कोवा या विदुषींनी पंढरीच्या वारीचा अभ्यास केला. परक्या माणसाने आपल्या विभक्ती मांडलेल्या वाचताना आपल्याच घराकडे खिडकीतून पाहिल्यासारखे वाटते.

आणि आता दिवस पुन्हा फिरले आहेत. तेरेखोल ओलांडली की गोवा, आणि मोरजीच्या बाजूला दुकानांवर रशियन पाट्या. आपल्या भागातली मुले तिथे कामाला जातात आणि कामापुरती रशियन उचलतात. शिवाय दरवर्षी महाराष्ट्रातली कितीतरी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जात आहेत. वर्गात इंग्रजी असले तरी रुग्णालयात खाटेवरची आजी रशियनच बोलते. रशियन विद्यापीठात रशियनमधून शिकायचे तर मधल्या पातळीची परीक्षा पार करावी लागते, आणि तिच्यासाठी सुमारे २३०० शब्द लागतात. माझ्याकडे अशी चार-पाच मुले अधूनमधून शिकायला येतात. हुशार आहेत, इंग्रजी फाडफाड बोलतात. पण 'चतुर्थी' म्हटले की माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना रशियन शिकवण्याआधी मला मराठीचे व्याकरण शिकवावे लागते, आणि ती सगळी मुले घरी मराठीच बोलणारी आहेत.

म्हणून ही स्मरणिका हातात घेणाऱ्या सर्वांना, विशेषतः शाळेच्या व्यवस्थापनात असलेल्या मित्रांना, एक विनंती आहे. जिल्ह्यातल्या मराठी शाळांचा पट कमी होत चालला आहे, हे आपण सारे पाहतो. आपली शाळाही सेमी-इंग्रजी करताना मराठी-संस्कृतच्या तासांना कात्री लावण्याचा विचार करते आहे, असे कानावर आले. इंग्रजी हवीच, तिच्याविषयी वाद नाही. पण व्याकरणाचा तास हा मार्कांपुरता तास नव्हे. आपल्या भाषेची रचना ज्याला उलगडून दाखवली आहे, त्याला रशियन, जर्मन, जपानी, कोणतीही भाषा मधल्या वर्षाच्या चढणीवर सोडून देत नाही. आपल्या मुलांपैकी कोण कुठल्या देशात जाईल, कोणता सौदा टिकेल, कोणता बुडेल, हे आज सांगता येत नाही. विभक्तीचा तक्ता मात्र सगळीकडे बरोबर जातो.

बॅचने शाळेला देणगी द्यायची ठरवलीच आहे, तर त्यातला एक वाटा नववी-दहावीच्या मुलांसाठी भाषांच्या कार्यशाळेला द्यावा. वर्षातून एक आठवडा मी मालवणात येऊन विनामोबदला शिकवीन. रशियन शिकवीन असे म्हणत नाही. मराठी आणि रशियन शेजारी शेजारी ठेवून दाखवीन, म्हणजे मुलांना मराठीच नव्याने दिसेल.

आपले मराठीचे आणि संस्कृतचे दोन्ही गुरुजन आज हयात नाहीत. ज्यांनी 'ने, ए, शी' हे प्रत्यय आपल्याकडून सुरात म्हणवून घेतले, त्या बाईंना रशियन अक्षरही ठाऊक नव्हते. पण ओझरच्या विमानाची किंवा भिलाईच्या भट्टीची पुस्तिका वाचणाऱ्या माणसाला जे लागते, ते त्यांनी मालवणच्या कौलारू वर्गात बसून आम्हाला दिले होते. त्यांना 'स्पासीबा', म्हणजे आपल्या भाषेत, देव बरे करो.